डाव्या घोड्यांची पेटी

मी, खाली सही करणारा, धंद्याने जुन्या बंदुका दुरुस्त करणारा, पूर्ण शुद्धीवर असून हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. वैतागलेला मात्र आहे. वकील म्हणाले, वैतागलेल्या माणसाचं मृत्युपत्रही चालतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिने त्यातून जावयाचे लाड पुरवू नयेत.

२. कानशी, हातोड्या आणि कामाचं टेबल मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तोंडावर कौतुक करणं मला जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

३. जुन्या बंदुकीचा सुटा भाग मिळवणं म्हणजे काय, हे आमची वाटणी करणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. बनवणारे कारखाने कधीच बंद पडले. निकामी बंदूक शोधायची, मालकाच्या मिनतवाऱ्या करायच्या, परवान्याच्या कचेरीत खेटे घालायचे, आणि एवढं करून हाती आलेला घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा तो लोखंडी तुकडा, निघतो भलत्याच मापाचा. दोन नळ्यांच्या दुनळीला असे दोन घोडे लागतात, एक डावा, एक उजवा. डावा उजवीकडे बसत नाही. वडिलांनी जन्मभर खपून ते जोडीजोडीने जमवले होते.

वडील गेल्यावर दुकानात मधोमध भिंत घातली आणि मामांनी वाटणी केली. मामा शिंपी. प्रत्येक खणातून जोडी काढायची, एक मला, एक धाकट्या भावाला. सगळे डावे माझ्याकडे, सगळे उजवे त्याच्याकडे. आम्ही दोघंही मूग गिळून बसलो, कारण आधी बोलेल तो नमला. तेव्हापासून मी उजव्या घोड्यांसाठी गावोगाव वणवण करतो, आणि ते भिंतीपलीकडच्या कपाटात आहेत. ‘पार्ट येतोय’ हे गिऱ्हाइकांना सांगून माझी जीभ झिजली.

४. डाव्या घोड्यांची पेटी माझ्या मागे धाकट्या भावाला द्यावी. त्याने ती मागितली नव्हती, हेही नोंदवावं. मी मेल्यावर तरी वडिलांच्या जोड्या एका टेबलावर याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

कलम ४ रद्द. कारण पुढीलप्रमाणे. वकील कागद घेऊन दुकानात आले, पण ठरलेला दुसरा साक्षीदार फिरकलाच नाही. वकील शेजारच्या दुकानातून माणूस घेऊन आले. तो धाकटा.

मी वकिलांना नातं सांगितलं.

“मग यांची सही चालणार नाही,” वकील म्हणाले. “ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये.”

“मला काय मिळणार?” धाकट्याने विचारलं.

“डावे घोडे. मी गेल्यावर,” मी म्हणालो.

त्याने पेटीवर हात ठेवला. “दादा, तू गेल्यावर ते बसवून मी दाखवू कोणाला? आत्ताच दे.”

दिली. त्याने पेटी माझ्याच टेबलावर उपडी केली, निम्मे गंजलेत म्हणून मला बोल लावला, आणि आपले उजवे आणायला गेला. आल्यावर सही करेल.

स्थळ: माझं दुकान. तारीख: आजची, वकिलांनी घालावी.

सही: थोरला

साक्षीदार:
१. समोरचा घड्याळवाला
२. धाकटा (या कागदाने याला काहीही मिळत नाही)