लोखंडी खिळा आणि ओकचं पिंप

१२ जानेवारी
माझ्या नणंदेला लाज नाही. माझ्याच टेबलावर, माझ्याच सशाच्या रश्श्यात पाव बुडवत आलिदा म्हणाली, वहिनी, फेमकेच्या लग्नाची बिअर मीच आणते, तुझं पिंप काही ऑक्टोबरपर्यंत तयार व्हायचं नाही. फेमके नात माझी. पिंप माझ्या नवऱ्याचं, रेमीचं, तो गेला तरी पिंप आहे. आणि बिअर आणणार ही! प्लास्टिकच्या बादलीत करते आणि वर ओकच्या लाकडाचे भाजलेले तुकडे टाकते, चहात साखर टाकावी तसे. म्हणे दीड महिन्यात पिंपाची चव. दीड महिन्यात माझी सर्दी पिकत नाही.
सांगून टाकलं, लग्नात माझंच पिंप उघडेल. दुसऱ्या कुणाची बाटली टेबलावर दिसली तर मी उठून जाईन.
तिला नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या. राहू देत.

२० जानेवारी
पिंप भरलं. कंबर गेली. आता बिअरवर साय धरेल, पांढरी, सुरकुतलेली, माझ्या गालासारखी. ती मोडली की हवा शिरते आणि व्हिनेगर होतं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही हे कळतं. बूच काढायचं नाही. तळघरात पाऊल टाकायचं नाही.

३ मार्च
तळघरात गेले होते. बटाटे आणायला. पिंपाकडे बघितलंही नाही. कान लावला फक्त.

९ मार्च
चव घेतल्याशिवाय कळणार कसं? त्याला रीत आहे. साईच्या बरंच खाली पिंपाला बारीक भोक पाडायचं, त्यात खिळा ठोकायचा. खिळा उपसला की धार येते, साय जागची हलत नाही. मुलगा योरिस म्हणाला, आई, थांब, ब्रसेल्सहून स्टीलचा खिळा आणतो. थांबायला मी काय विशीत आहे? रेमीच्या डब्यात चांगले लोखंडी खिळे गंजत पडलेत. एक ठोकला.
एक घोट. कच्ची, पण घराणं कळतं. आता महिन्यातून एकदाच.

१८ मार्च
घोट. तपासणी.

२१ मार्च
तपासणी. मागची नीट झाली नव्हती.

२ एप्रिल
फादर आले. देवाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी दोन ग्लास घेतले. मी सोबत दिली. मी पीत नाही, हे लिहून ठेवते. मी तपासते.

११ मे
सूनबाई म्हणते, सासूबाई, तळघरातून वर येताना तुम्ही गाता. साफ खोटं. गुडघे दुखतात म्हणून कण्हते. आवाज मुळात चांगला आहे.

२७ जून
रंग गडद होतोय. ओक उतरतोय म्हणायचा. आलिदाच्या बादलीला असा रंग आणायला तिचा जन्म जाईल.

१५ ऑगस्ट
उकाडा. पिंपावर टिचकी मारली, अर्ध्यापर्यंत पोकळ वाजलं. लाकूड थोडं पिणारच. फादर म्हणतात, जे उडून जातं ते देवदूत पितात. देवदूतांची चैन आहे.

६ सप्टेंबर
योरिसने चव घेतली आणि सिंकमध्ये थुंकला. आई, म्हणाला, ही शाई आहे. ओकला लोखंड लागलं की काळं होतं, पूर्वी शाई अशीच करायचे. मी म्हटलं, मी शाळेत गेले किती, मला शाईचं काय सांगतोस? मग म्हणाला, आणि व्हिनेगर झालंय, अर्धं पिंप हवेने भरलंय, प्यायलं कोण? मी म्हटलं, फादरना विचार.
खिळा काढून दाखवला. कुरतडल्यासारखा झालाय. दोष रेमीचा. खिळे कायम स्वस्तातले आणायचा.
काळजीचं कारण नाही. गाळून घेईन.

२९ सप्टेंबर
गाळली. कापड वाया गेलं. बिअर तशीच. साखर घातली. तशीच. पायरीवर बसून राहिले. उठवेना.

२ ऑक्टोबर
फेमके आली. तिने घोट घेतला, गिळला, म्हणाली, आजी, मस्त झालीय. दात काळे झाले होते पोरीचे. लग्न दहा दिवसांवर. खोटं बोलायला माझ्याकडूनच शिकली, पण अजून कच्ची आहे. खाली बघून विचारलं, आलिदा आत्याआजीला बिअर आणायला सांगू का? मी म्हटलं, लग्न तुझं, तू बघ. मग आतल्या खोलीत जाऊन उगीच पडदे झटकले.

१३ ऑक्टोबर
काल लग्न झालं. टेबलावर बादलीतली बिअर. मी उठून गेले नाही, खुर्ची खोल होती.
चव साधीच. जराशी व्हॅनिला, जरासं भाजलेलं लाकूड. दुसरा ग्लास तपासणीसाठी घेतला. तिसऱ्याला आलिदा स्वतः बाटली घेऊन आली. भरला आणि पुढे गेली. दोन शब्द लागट बोलली असती तर ग्लास परत तरी करता आला असता.
पूर्ण प्यायले.

१४ ऑक्टोबर
फोन वाजतोय. आलिदाच असणार, परवा लग्नातून निघताना म्हणत होती की लाकडाचे तुकडे उरलेत, पाठवू का. सूनबाईने उचलावा. मी झोपलेय म्हणावं. आणि हो म्हणावं. मोठी पिशवी.