मामीच्या खात्याची हिंट

चि. टिकली हिस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, जावईबापूंची पाठ आणि तुमच्या इमारतीच्या लिफ्टची प्रकृती, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. माझा उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि चढताना गप्प बसतो. (डॉक्टर म्हणाले, उलट असतं तर कारण सांगता आलं असतं.) पत्र हातानं लिहिलेलं पाहून दचकू नकोस. कॉम्प्युटर उत्तम चालू आहे. आम्हा दोघांपैकी मामीसाठी तो जास्त उत्तम चालू आहे, त्याचीच हकीकत कळवायची आहे.

दोन वर्षांपूर्वी तू तो बाहेरच्या खोलीत मांडून दिलास, तेव्हा बटण दाबलं की पासवर्ड न विचारता सरळ आत सोडेल अशी सोय करून दिली होतीस. घरात दोन माणसं, कुलूप कशाला, असं तुझं म्हणणं होतं. आता मी पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो, माझ्या सहीशिवाय तिथला वायसरसुद्धा कधी हलला नाही. तरी मी मूग गिळून बसलो, कारण मामी खूश होती. तिचा विणकामाचा गट तुला माहीतच आहे. अकरा बायका, आणि मामी त्यांना नमुने टाइप करून मेलनं पाठवते. दोन सुलट, एक उलट, दोन सुलट, एक उलट, असं पानच्या पान. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ती अधूनमधून 'अहो, हे बघा' म्हणून बोलवायची आणि मी पेपरातून मान वर न करता 'छान' म्हणायचो. तेव्हा सगळं सुरळीत होतं.

गेल्या महिन्यात खिडकीची चौकट दुरुस्त करायला सुतार आला. मामी अर्धा नमुना तसाच टाकून दार उघडायला उठली. सुतारानं हत्यारांची पिशवी ठेवायला सपाट जागा शोधली, ती त्याला कीबोर्डवर सापडली. पिशवी नेमकी दोनच्या आकड्यावर टेकली आणि बाहीच्या बासष्ट ओळींच्या सहाशे बावीस झाल्या. मामीनं ते न बघताच पाठवून दिलं. दहा बायकांनी फोन करून खुलासा विचारला. अकरावी जन्मभर लेखनिक होती, समोर आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवण्यात तिची हयात गेली. तिनं बाही विणली. नवऱ्याच्या हातात घालून पाहिली तेव्हा तो पलंगावर होता आणि बाही दारापर्यंत गेली होती. यावर मामी पोट धरून हसली. मला मात्र हे सुरक्षेचं प्रकरण वाटलं आणि मी त्याच दुपारी सेटिंगमध्ये शिरलो.

टिकली, त्या सेटिंगमध्ये किती खोल्या आहेत गं. मी चष्मा पुसून पुसून वाचत होतो. झोपेतून उठल्यावर पासवर्ड विचारू का, किती मिनिटांनी झोपू, पडदा काळा करू की चित्र दाखवू. ज्यानं कुणी हे प्रश्न लिहिले तो एखाद्या स्टोअरमध्ये वाढला असणार, असं वाटून मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली. मी सोळा अक्षरी पासवर्ड ठेवला आणि एका मिनिटात कुलूप पडेल अशी व्यवस्था केली. मामी चहा ओतायला उठली, परत आली, कुलूप. फोन घेतला, कुलूप. ओळी मोजायला डोळे मिटले, तरी कुलूप. "अहो, मी चहा ओतेपर्यंत हे मला विसरतंय," असं ती म्हणाली आणि मी म्हटलं, नंतर बघू. तिसऱ्या दिवशी कीबोर्डाखाली एक चिठ्ठी सापडली, तिच्यावर माझा सोळा अक्षरी पासवर्ड तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेला. (खाली एक फूलही काढलं होतं.) कुलूप जितकं मोठं तितकी त्याची किल्ली पायपुसण्याखाली सापडण्याची शक्यता जास्त, हे मला कारखान्यात एकतीस वर्षांत कळलं नव्हतं ते इथं तीन दिवसांत कळलं.

मग मी मधला मार्ग काढला. पासवर्ड लहान, पण मराठीत. कुठला चोर मराठीत विचार करेल? हिंट म्हणून लिहिलं, 'नेहमीचंच'. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि तो मला आत घेईना. मी बरोबर तोच शब्द टाइप करतोय, पडद्यावर काळे ठिपके उमटतायत, आणि तो म्हणतोय चूक. पाचदा चुकल्यावर मला थांबायला सांगण्यात आलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर. दोन दिवस असे गेले. दुरुस्तीवाला आला, त्यानं मान हलवून सांगितलं की सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. मामीचे दोन वर्षांचे नमुने आत होते. तिनं हातातली सुई बाजूला ठेवली. त्याला वाटेला लावल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "शब्द काय ठेवलाय?" आणि मी, टिकली, मी म्हणालो की सांगितला तर तो पासवर्ड कसला. हे वाक्य मला अजून टोचतंय.

ती खुर्चीवर बसली. पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती (मी दोन दिवसांत पाहिली नव्हती), त्यांच्यावर तिनं क्लिक केलं, तिथं मराठी आलं. म्हणजे मी इतका वेळ मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डावर बडवत होतो. मग तिनं हिंट वाचली, 'नेहमीचंच', आणि एकदाही माझ्याकडे न बघता टाइप केलं, 'नंतरबघू'. उघडलं. पहिल्या फटक्यात. मला राग आला नाही. मला लाज वाटली. मी घरात काय बोलतो हे चोराला कळू नये म्हणून लपवलं होतं आणि जिच्याशी बोलतो तिला ते पाठ होतं.

त्यानंतर तिनं स्वतःचं वेगळं खातं उघडलं, स्वतःच्या पासवर्डाचं. आता ती तिथं बसते, मधेच हसते, आणि 'अहो, हे बघा' म्हणत नाही. मी मागून गेलो की ती पडदा झाकत नाही, पण दाखवतही नाही. मला कुतूहल आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर मला तिची आठवण येते, आणि ती समोरच बसलेली असते.

जावईबापूंना नमस्कार. पाठीला गरम पाण्याची पिशवी लावावी.

तुझा,
मामा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मामीनं आपल्या खात्याला हिंट दिली आहे, 'विचारा'. या हिंटवरून काय शब्द निघेल, ते तुझ्या अनुभवावरून तातडीनं कळव. मी विचार, सुविचार, अविचार, प्रश्नचिन्ह, उत्तर असे त्रेचाळीस शब्द वहीत टिपून एकेक करून पाहिले. 'बिचारा'ही टाकून पाहिलं, कारण तिचा विनोद कधीकधी त्या बाजूला जातो.

ता. ता. क. मुख्य खातं माझं असल्यामुळे तिचा पासवर्ड मला बदलता येतो, असं सेटिंगमध्ये लिहिलंय. पण मग तिला कळेल. मला तिनं उघडलेलं हवंय. गुडघ्यामुळे पत्र टाकायला मामीकडेच देतोय, पण काळजी नको, पाकीट डिंकानं दोनदा चिकटवलं आहे.

(मागच्या बाजूला, वळणदार अक्षरात)

टिकली, मी मामी. पाकीट चहाच्या वाफेवर दोन मिनिटांत सुटलं. हे त्यांना कळवू नकोस, नाहीतर पाकिटाला सील करायला लाख आणतील. माझ्या खात्यात नमुने आहेत आणि एक पत्त्यांचा खेळ आहे, दुसरं काही नाही. पण लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, मी काय करतेय ते बघायला हे कधी खुर्चीमागे आले नव्हते. आता दिवसातून चारदा येतात. हिंटमध्ये कसलंही कोडं नाही, जे म्हणायचंय तेच सरळ लिहिलंय. तू उत्तर पाठवू नकोस, त्यांचं त्यांना सुचू दे. काल संध्याकाळी अगदी जवळ येऊन उभे राहिले, दोनदा घसा खाकरला, मी हातातलं काम थांबवलं. म्हणाले, "चहात साखर जरा कमी आहे."