पोट भरल्याचं इंग्रजी

३ मार्च, रविवार. दुपारी ३.
आजपासून रोजनिशी. रोज चालणार आणि रोज इंग्रजी बोलणार.
मुलगा दोन महिने बाहेरगावी, कुठल्याशा पुलाच्या कामावर. जाताना बजावून गेला, दर रविवारी जेवायला आमच्याकडेच यायचं. म्हणजे सूनबाईकडे. तिला मराठीतलं 'बाबा' आणि 'बास' एवढंच येतं, त्यामुळे आमचा सगळा कारभार इंग्रजीत. माझं इंग्रजी उत्तम आहे, फक्त बोलायची सवय नाही. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. शब्द मला फसवू शकत नाही.
आज सूप, मासा, बटाटे. ती आणखी वाढायला आली. पोट भरलं हे कसं सांगावं? 'फुल' मला बालिश वाटतो. बादली फुल होते, माणूस नाही. नीट विचार करून म्हणालो, "आय ॲम फेड अप." फेड म्हणजे जेवू घातलेला, अप म्हणजे वरपर्यंत. गळ्यापर्यंत तृप्त! सूनबाई बघतच राहिली. भाषेवरचं प्रभुत्व असं अचानक दिसलं की माणूस दबतो.

४ मार्च.
चाललो नाही. गुडघा.

१० मार्च, रविवार.
सूनबाईने आज दोन पदार्थ जास्त केले होते. तडस लागेपर्यंत जेवलो. म्हणालो, आज मी फेड अप, व्हेरी मच. तिने विचारलं, कशाने? मी हात फिरवून सगळं टेबल दाखवलं. सूप, मासा, केक. शेवटी मोठ्या मनाने तिच्याकडेही बोट केलं. कौतुक माणसाचं करावं, पदार्थाचं काय! ती ताटं उचलून आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. लाजरी आहे. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, ही सून फार आवडली असती. बघायला राहिली नाही.

१३ मार्च.
या आठवड्यात दोघांशी बोललो. दूधवाला, आणि चुकून आमच्या दाराशी आलेला प्लंबर. प्लंबर तासभर होता. खरं तर मीच थांबवला. नळ ठीक आहे असं त्याने तीनदा सांगितलं.

१६ मार्च, शनिवार.
सूनबाईचा मेसेज. उद्या काम आहे, जमणार नाही. कामसू पोर. अभिमान वाटला.

२४ मार्च, रविवार.
आजही तिला काम. रविवारी ऑफिस उघडं ठेवतात म्हणजे कमालच.
चालायला निघालो, पाय आपोआप तिच्या गल्लीत वळले. बाल्कनीत ती कुंड्यांना पाणी घालत होती. बहुतेक घरूनच काम करत असावी. हाक मारली नाही, उगाच व्यत्यय कशाला. घरी आल्यावर डोळ्यांना पाणी आलं. ऊन लागलं असणार.

२६ मार्च, मंगळवार.
मुलाचा फोन. म्हणाला, "बाबा, तुम्ही तिला तोंडावर सांगितलंत की तिच्या जेवणाचा आणि तिचाही तुम्हाला वीट आलाय? दोन दिवस रडत होती ती."
फोन कानाशी धरूनच शब्दकोश काढला. फेड अप : वैतागलेला, विटलेला. या आवृत्तीची प्रुफं मीच तपासली होती. अक्षरं अगदी बरोबर आहेत. प्रुफं तपासताना अर्थ कोण वाचतो?
मुलाने विचारलं, चुकून बोललात ना? तेवढं म्हणा, मी तिला समजावतो.
मी म्हणालो, "मी शब्द तोलून वापरतो."
तो मग म्हणाला, "ठीक आहे, बाबा. आता तुम्हाला कुणी आग्रह करणार नाही."
पडलो तरी नाक वर, कळतं मला. पण सुनेसमोर भाषेत हार? उद्या तिला स्वतःच फोन करीन. म्हणजे माफी नव्हे, खुलासा.

२९ मार्च.
वाक्य लिहून तयार आहे. 'सॉरी'च्या पुढे 'फॉर' की 'अबाउट', एवढाच प्रश्न. घाईत चुकीचं बोलून पुन्हा घोळ नको. उद्या नक्की.

३१ मार्च, रविवार. दुपारी १.
वाक्य बिनचूक झालं. फोन केला नाही. ऐन जेवणाच्या वेळी बरं दिसत नाही.
भात लावला होता. ओट्याशी उभ्यानेच, पातेल्यातून खाल्ला. सात मिनिटांत आटोपलं. आणखी वाढू का असं विचारायला कुणी नव्हतं, त्यामुळे पोट भरलं हे सांगायचं राहूनच गेलं.