काडी की सुरी

४ फेब्रुवारी
भिंगरीचं बाहेर कुणीतरी आहे! एक नाही — दोन!
गॅलरीत फोनवर बोलत होती. मी आत मटार सोलत होते. कान उघडे होते, त्यात माझा काय दोष. "लाइटवेट म्हणजे घरचे खूश गं. पण जीव जडलाय एरोवर. आणि एरो म्हटलं की घर सोडावं लागणार."
एरो! हे काय माणसाचं नाव? कुणी लांबून हाक मारल्यासारखं. आणि दुसरा लाइटवेट. म्हणजे बिनवजनाचा. तसला एक मी जन्मभर सांभाळला, तिचा आजोबा. नातीच्या नशिबी तरी नको.

५ फेब्रुवारी
मुलाच्या कानावर घातलं. तिचा बाप तो, पण त्यालाच घाम फुटला. "आई, तूच विचार ना."
विचारलं. "एरो कुठल्या घरचा?"
पोरगी जमिनीवर लोळून हसली. "अगं आजी, सायकल आहे ती!" शर्यतीत पडली तेव्हा जुनीची दांडी तडकली, आता नवी घ्यायचीय. लाइटवेट चढाची, एरो सपाटीची. दोन्ही घेता येत नाहीत म्हणून घोळ.
मुलगा एवढा सुटल्यासारखा हसला की चहा सांडला. मी नाही हसले. सायकल घ्यायला घर कशाला सोडावं लागतं? ते विचारलं तर म्हणते, "असंच बोलले गं." असंच म्हणे!

९ फेब्रुवारी
गुडघा दाखवायला गेलो. आमचा तिसरा मजला, लिफ्टचा पत्ता नाही. भिंगरी एक पायरी खाली, तिच्या खांद्यावर माझा हात. रोज संध्याकाळी लॅबमधून आली की असंच मला खाली नेते. हवा खायला. मी तिच्या खांद्याला धरून उतरते आणि जिन्यात भेटेल त्याला सांगते, पोरीला सोबत लागते म्हणून आले.
डॉक्टर म्हणाला, वजन कमी करा. त्याचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं.
येताना सायकलच्या दुकानात. चढाची ती काडीसारखी. दुकानदार म्हणाला, "आजी, एका बोटानं उचला." म्हटलं, मला एका बोटानं उचलेल ते दुकान कुठं आहे ते सांग आधी. सपाटीची ती सुरी. दांड्या चपट्या, चाकं रुंद काठाची. "वारा कापत जाते, आजी." वारा कापून काय करायचाय, शिजवायचाय?
पण पोरगी सुरीवरून हात काढेना. दुकानदार दहादा सांगत होता की इथं आपल्या घाटात काडीच बरी. "हो हो" म्हणत होती. हात सुरीवरच.

१० फेब्रुवारी
तिच्या शर्यतीच्या मास्तरांचा फोन आला. दार लावून बोलली. भाजी करपली.

१२ फेब्रुवारी
मुलाला खोदून विचारलं. त्याला सगळं ठाऊक! मास्तर आता लांब, समुद्राकडच्या सपाट मुलखात गेलेत. त्यांनी हिला तिथल्या संघात बोलावलंय. राहायची सोय आहे, सायकल आपली न्यायची. तिथं चढ औषधालाही नाही, नुसता समोरून वारा. म्हणून सुरी.
"मग तू काय म्हणालास?"
"मी कुठं काय म्हणालो. तिचं ती ठरवेल."
गप्प बसायचा पगार मिळत असता तर ह्याचा बंगला झाला असता.

१५ फेब्रुवारी
काडी आणली.
"मला घाटच आवडतो, आजी. मास्तरांना नाही म्हणून टाकलं." कान लालभडक! खोटं बोललं की कान लाल होतात, आमच्या घरात सगळ्यांचेच. काडी भिंतीला टेकवली आणि लगेच मलम घेऊन माझ्या गुडघ्याशी बसली. नव्या सायकलकडे वळून बघितलंही नाही.
माझ्या गुडघ्यासाठी सायकल घेतली! गुडघा बसणार आहे का तिच्यावर?

१७ फेब्रुवारी
पोरगी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला गेली. घरी माझं आटवून. ती वळली तशी मुलाला म्हटलं, चल.
एका हातात काडी, दुसऱ्या हाताला मी. दोघींत जड कोण, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.
दुकानदार म्हणाला, "आजी, चालवलेली परत घेत नाही."
"चालवली कुठंय बाबा? चाकाला धूळ दाखव."
त्यानं वाकून बघितलं. खरंच नव्हती. दोन दिवस भिंतीला टेकून होती बिचारी. मग सुरी काढून दिली. वरचे पैसे मुलानं न बोलता भरले. त्याच्या गप्प बसण्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.
बाहेर आल्यावर मात्र तोंड उघडलं. "आई, तिला विचारलंस तरी का?"
"तिनं मला विचारलं होतं?"
तिथूनच मास्तरांना फोन लावायला लावला. म्हटलं, पोरीचं नाही म्हणणं ऐकू नका, ती येतेय. ते म्हणाले, "तिनं सांगू दे." शहाणा माणूस दिसतो. कठीण आहे.

१८ फेब्रुवारी
कडाडली माझ्यावर! "कुणी सांगितलं होतं तुला? जिना कोण उतरवणार तुझा?"
"जिना कुठं पळून चाललाय!"
"आजी, थट्टा नको."
"मग काय रडू? तू भिंतीला टेकवून ठेवायला सायकल आणणार, आणि त्याचं खापर माझ्या गुडघ्यावर?"
बाप मधेच म्हणाला, "मी बघतो काहीतरी." काहीतरी बघण्यात त्याचा हात कुणी धरू शकणार नाही.
दार आपटून गेली.

१९ फेब्रुवारी
बोलत नाही. जेवण समोर ठेवते, तोंड फिरवते. पण सुरीच्या चाकांत हवा भरलेली दिसली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२४ फेब्रुवारी
गेली.

२६ फेब्रुवारी
पोरीचा फोन. "इथं वारा फार आहे, आजी." आनंदानं ओरडतच होती. मग हळूच — "खाली उतरलीस का गं?"
उतरले ना. बसून. एकेक पायरी सरकत, लहान पोरासारखी.
तिला सांगितलं, ताठ उभ्यानं उतरले. कान तापले माझे. फोनवर दिसतात कुठं!