निळं धुवण

मास्तर, डिचोलीच्या शाळेत फळ्यावर स्वतःची कविता लिहून तुम्ही चहाला गेला होता आणि ती मी पुसून टाकली, आठवतं? फळा लख्ख ठेवायची मला भारी हौस. तुम्ही विचारलंत, तर मी म्हटलं, मी नाही. "रे, खडू तुझ्या नाकावर आणि चोर बाहेरचा?" वर्ग खदखदला. मग हळूच म्हणालात, "मला पाठ आहे, पुन्हा लिहीन. पण आधी सांगायचंस." तळ्याची कविता ती. मला अजून येते.

पुढे जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुतलं. शेवटच्या वर्षी इब्रामपूरहून संशोधनाला येणारी एक मुलगी तिथं निळे स्फटिक वाढवत होती. सांगायची, "काका, आत तांब्याच्या लांब साखळ्या आहेत आणि मधल्या पोकळीत पाण्याच्या रेणूंचे घोस." मला सुरंगीची फांदी दिसायची, अंगभर फुलं बिलगलेली. कोरड्या खड्याच्या पोटात पाणी घोळक्यानं बसतं, मास्तर; तुम्ही असता तर तुम्हाला किती आवडलं असतं! पण पाण्यानंच ते घडतात आणि पाण्यातच विरघळतात.

महिनाभर झाकून ठेवलेला तिचा बीकर एका सकाळी तळाचे निळे खडे डाग समजून मी धुतला. निळसर धुवण टबात जमलं. तांब्याचं पाणी मोरीत सोडायचं नाही, हा माझाच नियम. ती आली, रिकामा बीकर बघून मटकन बसली. "काका, कितें जालें हें? उद्या तपासणीला पाठवायचे होते!" मग आशेनं म्हणाली, "धुतलेलं पाणी कुणी ठेवलंय? सावकाश आटवलं की येतील परत." टब माझ्या पायांमागे होता. मी म्हटलं, मी नाही धुतला. ती गेल्यावर धुवण मोरीत ओतलं. या खेपेला नाकावर खडू नव्हता.

तिनं पुन्हा पहिल्यापासून वाट पाहिली. परवा मुळगावला माझ्या घरी आली, प्रबंध घेऊन. आभाराच्या पानावर शेवटी मी: काचसामान जिवापाड सांभाळणारे काका. गुडघे दुखतात म्हणून मी बसूनच राहिलो, तिच्याकडे पाहिलंही नाही. थकलोय, मास्तर. वयानं नाही.

जाताना ती पत्ता लिहून देऊन गेली. तिला पत्र पोचेल, म्हणून तर हे तुम्हाला लिहितोय.