मौनाचा रक्तदाबावर परिणाम

३ फेब्रुवारी, सोमवार
नणंदबाईंनी मोबाईलवर पाठवलं : मौन पाळा, रक्तदाब उतरवा, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. खाली जोडलेले हात. मी लगेच मुलीला पुढे पाठवलं. ती लांबच्या शहरात औषधांच्या चाचण्या तपासायचं काम करते. तिने चक्क फोन केला. एरवी रविवारीच करते. कुठले शास्त्रज्ञ, किती माणसं, तुलना कशाशी, नुसती फैर झाडली. म्हणाली, आई, जोडलेले हात म्हणजे पुरावा नव्हे. म्हटलं, मग मीच करते प्रयोग, मॅट्रिकला शास्त्रात चांगले मार्क होते. ती हसली. बराच वेळ हसली. बरं वाटलं.
ठरलं. हा आठवडा नेहमीसारखं बोलायचं, पुढचा आठवडा मौन. दोन्हीकडे रक्तदाब मोजायचा. नेहमी किती बोलतेस तेही लिही, म्हणाली. ते काय लिहायचं? माहेरी मला रेडिओ म्हणायचे.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ
मशीन सापडलं. सेल संपलेले. नवे कशाला? टीव्हीच्या रिमोटमधले घातले. वरचा आकडा जास्त आला. पण मशीन काढायला माळ्यावर चढले होते, म्हणून तो धरला नाही. दुसराही जास्त. तोही नाही धरला. तिसरा चांगला आला, तो पक्का लिहिला. घरखर्चात असं केलं असतं तर स्वतःचाच कान धरला असता. पण हे शास्त्र आहे.

संध्याकाळ
रिमोट चालेना म्हणून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. सेल मशीनमध्ये आहेत म्हणून सांगितलं. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. उद्यापासून पूजेआधी काढायचे आणि हे उठायच्या आत परत बसवायचे.

९ फेब्रुवारी, रविवार
उद्यापासून मौन. ह्यांना सांगणार नाही. आधी कळलं की निकाल बिघडतो, असं मुलगी म्हणते. काळजी ह्यांचीच वाटते. रिटायर झाल्यापासून माझ्या बडबडीवरच त्यांचा दिवस जातो. मी अचानक गप्प झाले तर घाबरतील, डॉक्टरांना बोलावतील, फुकट फी जाईल. म्हणून चिठ्ठी लिहून ठेवली : 'तब्येत ठीक आहे. मौन आहे. घाबरू नये.' कमरेला खोचून ठेवेन.

१० फेब्रुवारी, सोमवार
मौन सुरू. जप करताना ओठ हलले. देवाशी बोललेलं धरायचं नाही.
ह्यांनी मोजे कुठे विचारलं. बोट दाखवलं. मिळाले म्हणाले. अजून लक्षात आलेलं नाही. उद्या येईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार
भाजीवाल्याला कोबीकडे बोट करून दाखवलं. नेहमीचंच ना ताई, म्हणाला आणि तोलून दिला. जिन्यात शेजारीण हसली. मीही हसले. ती घाईत होती. लोकांना वेळ कुठे असतो!
जेवताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग परत बघितलं. माझा हात चिठ्ठीकडे गेला. त्यांना पाणी हवं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
चिठ्ठी धुण्यात गेली. नवी लिहिली नाही. कागद वाया.

१६ फेब्रुवारी, रविवार
रक्तदाब होता तिथेच. मुलीचा फोन आला, मौन सोडलं. पहिले दोन शब्द घोगरे आले. निकाल जाहीर केला : नणंदबाईंचा सल्ला खोटा. मुलगी म्हणाली, थांब, आधीच्या आठवड्यात कोणाशी काय काय बोललीस? म्हटलं, पुष्कळ. म्हणाली, सांग बघू. म्हटलं, सोमवारी तुझ्याशी. मग बुधवारी ह्यांना सेल कुठेत ते सांगितलं. मग... मी आठवत होते, तर ती म्हणाली, हॅलो, लाईन गेली का?
लाईन होती.
मग ती हळू आवाजात म्हणाली, आई, दोन्ही आठवडे सारखेच गेले गं. तुलना व्हायला एक तरी आठवडा बोलायला हवं.
शास्त्र म्हणून पटलं. ह्या वेळी ढिलाई नाही. उद्यापासून भरपूर बोलायचं. विषयांचा काय तुटवडा!

१७ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ
देवापुढे दिवा लावला आणि ह्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, अहो, मला बोलायचंय. वाटलं होतं, हं म्हणतील आणि टीव्हीच बघत राहतील. ह्यांनी टीव्ही बंद केला. खुर्ची माझ्याकडे वळवली. चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाले, बोल.
ह्याची तयारी केली नव्हती.
ते वाट बघत बसले. मी पदराचं टोक बघत बसले. शेवटी त्यांनीच विचारलं, काय गं, काय झालं? म्हटलं, काही नाही. मग लावू का, म्हणाले. म्हटलं, लावा.
पहिला दिवस. नेहमीपेक्षा जास्तच बोलणं झालं म्हणायचं.