चिंचेची सावली आणि नकाशातली हिरवळ

जुन्नर, रविवार, मे २००२

बाजारतळावरची चिंच मंगळवारी तोडणार, असं नगरपालिकेच्या इंजिनियरनेच संध्याकाळी सांगितलं. शहर हिरवं करायचंय म्हणून तिथे हिरवळ आणि कारंजं येणार. नकाशा परदेशातल्या कुठल्याशा बागेवरून काढलाय.

पेपरला बातमी पाठवून झाली, तरी चिंच डोक्यातून जाईना. लहानपणी आई आमच्या डिंगोरे गावाहून भाजी विकायला आणून तिच्याखाली बसायची. ऊन सरकलं की भाजीवाल्यांची अख्खी रांग टोपल्या उचलून सावलीमागे सरकायची. कधी भांडण नाही. दुपारपर्यंत आम्ही कल्हईवाल्या रहीमचाचांच्या भात्याशेजारी पोचायचो.

चाचा अजून तिथेच बसतात. बातमी पाठवून तिकडे गेलो, तर हसून म्हणाले, "भाऊ, सायबाला सांगा, दुपारी हिरवळीवर बसून बघा. टाळूला फुकट कल्हई व्हईल!" मग हळूच, "आमी आता कुठं सरकायचं?"

माझ्या बातमीत तरी सावली हा शब्द होता का? नव्हता.

घरी येऊन इंजिनियरला फोन केला. "उद्या बारा वाजता नकाशा घेऊन बाजारतळावर या."

"एवढ्या उन्हात?"

"एवढ्या उन्हात."

येतो म्हणालाय. आल्यावर नकाशा उघडायला तो कुठे उभा राहतो, ते बघायचं.